पेन्सिलीच्या मागं मागं

मागच्या एका लग्नसराईत मी पितळी परातीवर जो मजकूर कोरला तो असा: ‘चि. निखिल यास काका-काकूकडून सप्रेम भेट, मोठ्या अक्षरात टाकाले सांगजो, मागल्या खेपेस कोणालेच दिसलं नोतं.’

सगळा कोरला. स्वल्पविरामासकट, आणि सांगितल्याप्रमाणे मोठ्या अक्षरात.

झालं असं, की काका तिकडे वरूडला संत्र्याच्या तोडणीत अडकलेले. त्यांनी मजकूर नवरदेवाच्या धाकट्या भावाच्या फोनवर पाठवला. त्या पोरानं अमरावतीत आमच्या दुकानात येऊन फोन माझ्या नाकासमोर धरला आणि स्वतः रस्त्याकडे पाहत उभा राहिला. फोनवर होतं ते मी परातीवर उतरवलं. लग्नात म्हणे नवरदेवापेक्षा परातीचेच फोटो जास्त निघाले. पुढच्या आठवड्यात काका स्वतः दुकानात हजर. मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवायला लागलो.

“काहून बावा,” ते म्हणाले, “तुले वाचता येत नाही काय?”

“येते,” मी म्हटलं, “पण कामाच्या वेळी मी वाचत नाही.”

काका इतके हसले की शेठला वाटलं भांडण लागलं, आणि तो गल्ल्यावरून उठून आला. पण मी खरं तेच बोललो होतो. ते कसं, हे सांगायचं तर आधी माझं काम सांगावं लागेल.

मी भांड्यांवर नाव टाकतो. तुमच्या स्वयंपाकघरात मांडणीवर एखादा डबा असेल, त्याच्या पोटावर बारीक अक्षरात ‘यांजकडून सप्रेम भेट’ असं काहीतरी असेल. देणाऱ्याचं नाव तुम्हाला ठाऊक असतं. ते कोरणारा माणूस भांड्याच्या दुकानात एका कोपऱ्यात, मांडीवर पोतं अंथरून बसलेला असतो. तो मी. हातात जाड पेनाएवढं मशीन, मागे वायर, पुढे टणक सुई. बटण दाबलं की सुई थरथरते आणि भांडं किंचाळायला लागतं. आयुष्यभर ते किंचाळणं ऐकून मी घरीही ओरडून बोलतो, अशी बायकोची तक्रार आहे. ती तक्रार ती ओरडूनच करते, कारण मला कमी ऐकू येतं.

या कामात एकच गोष्ट शिकायची असते. सुई जिथं टेकते तिथं खड्डा पडतो आणि जिथून उचलते तिथं बारीक काटा राहतो. तो पुढं भांडं घासणारीच्या बोटाला लागतो. म्हणून सुई उचलायची नाही. एका अक्षराचा शेवट हाच पुढच्या अक्षराचा आरंभ, असं वळवत वळवत जायचं. यालाच आम्ही लपेटीचं अक्षर म्हणतो. पूर्वी शाळेत मास्तर, कचेरीत कारकून आणि घरात एखादा काका, सगळ्यांचंच अक्षर कमीजास्त लपेटीचं असायचं, कारण टाक आणि शाईलाही हात उचलणं परवडत नसे.

नाव टाकायचं काम मला शिकवलं मामानं. अकोल्यात एका भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर तो छिन्नी-हातोडी घेऊन बसायचा. तेव्हा मशीन नव्हतं, टिंब टिंब टाचून नाव टाकायचं. मामाचा एक नियम होता. भांडं आलं की तो मेणाची काळी पेन्सिल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. “तुमचं नाव तुमी लिवा.” गिऱ्हाईक भांड्यावर स्वतःच्या अक्षरात लिहायचं आणि मामा त्या रेघेवरून छिन्नी न्यायचा. सुरुवातीला कारण अगदी कोरडं होतं. नाव चुकलं की भांडण होतं. लिहिलं तुम्ही, तर चूक तुमची. पण त्यातून झालं असं, की गावातल्या प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचा हात उतरला. मला मामा म्हणायचा, “वाचत बसू नको. वाचलं का हात आपल्या मनानं चालते. लिवणारा लिवते, आपण पेन्सिलीच्या मागं मागं जातो.”

माझ्या आईला वाचता येत नव्हतं. तरी मांडणीसमोर उभी राहून ती सांगायची, “हे पोट सुटलेलं अक्षर तुया काकाचं. हे घाईघाईचं तुया मावशीचं, तिले बस पकडाची असन.” लग्नाच्या पंगतीत शेजारपाजारची भांडी एकत्र व्हायची, ती दुसऱ्या दिवशी बायका अशीच वेगळी करायच्या. नाव वाचायला चष्मा लागतो, हात ओळखायला नाही लागत.

मशीन घेऊन अमरावतीत आलो तेव्हा मीही पेन्सिलीचा नियम पाळला. काय काय माणसं येऊन लिहून गेली! एक निवृत्त तलाठी होते. त्यांची सही म्हणजे उकळत्या तेलात सोडलेली चकली. सुरुवात कुठे आणि शेवट कुठे, ते त्यांनाच ठाऊक. तशीच्या तशी कोरली. पाहुण्यांकडे ते भांडं कोणी दिलं हे आजवर कोणालाही वाचता आलेलं नाही, पण कुठल्या पंगतीत हरवलं की लोक सही ओळखून ते बरोबर तलाठ्यांच्याच दारात आणून देतात. एक बौद्ध मास्तर दर लग्नाला एकच गंज, म्हणजे उभट पातेलं, घ्यायचे, ‘सप्रेम जयभीम’ एवढंच लिहायचे आणि ‘भीम’ची वेलांटी अशी ओढायचे की सगळ्या अक्षरांवर छत्री धरल्यासारखी दिसायची. आणि पातूरकडची एक म्हातारी. नातवाच्या लग्नाचा डबा घेऊन आली. सून म्हणाली, “आत्याबाई, मी लिवून देतो तुमचं नाव.” म्हातारीनं पेन्सिल सोडली नाही. “तू लिवशीन तं तुया हात होईन,” म्हणाली, आणि डब्यावर ज्वारीचं कणीस काढलं. वाकडं, एका बाजूला झुकलेलं. “हे मी. शेतातलीच हाओ.” मी ते कोरलं. दाणा न् दाणा.

आता पेन्सिल माझ्या टोपलीत तशीच पडलेली असते. तिला झिजायला काम नाही.

हे एका दिवसात झालं नाही. आधी पोरं म्हणायला लागली, “काका, तुमीच टाका ना.” मग कागदाची चिठ्ठी गेली आणि फोन आला. पेन्सिल पुढं केली की तरणीताठी, शिकलेली, चांगल्या नोकरीची माणसं हात मागं घेतात. म्हणतात, “नको, माझं अक्षर घाण आहे.” सगळ्यांचं हेच वाक्य, जणू शाळेत पाठ करून घेतलं होतं. ज्यांनी लिहून पाहिलं त्यांचं अक्षर सुटं सुटं. प्रत्येक अक्षर आपापल्या पायावर उभं, शेजारच्याशी अबोला धरल्यासारखं. दर वेळी हात उचलायचा, थांबायचं, आठवायचं, मग पुढचं अक्षर.

मी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण आमच्याकडं टोमणा गिळला तर पोटात दुखतं. एका पोराला म्हटलं, “रेघ जोड बाप्पा, नाही तं गंज गळीन!” एका कॉलेजच्या पोरीला म्हटलं, “हे नाव आहे का दातांचा एक्सरे?” दुकानातले हसायचे. पोरगीही हसली, पण पेन्सिल खाली ठेवली आणि फोन काढला. मी म्हटलं, पाहा, या पिढीला हातच राहिला नाही.

रस्त्याच्या पलीकडं नवं दुकान झालं आहे. तिथं पडद्यावर पाहून अक्षराचा नमुना निवडायचा, मशीन आपोआप कोरतं. त्यातला एक नमुना हातानं लिहिल्यासारखा दिसतो, आणि तोच सगळ्यांना आवडतो. अर्ध्या अमरावतीच्या भांड्यांवर आता एकच हस्ताक्षर आहे, आणि ते कोणाचंच नाही. त्यांना नावं ठेवावीत तर माझीही गत अशी, की तुम्ही वाचताय तो हा मजकूर मी फोनला सांगितला आणि फोननं लिहिला. संपादकांना कागद नको होते. मी स्वतः शेवटचं पत्र कोणाला लिहिलं, ते मलाही आठवत नाही.

आता प्रणालीचं सांगतो. प्रणाली आमची एकुलती एक पोरगी. पुण्याला कॉम्प्युटरवर काम करते. गेल्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या माहेरी एक रीत आहे. पोरगी सासरी जाण्याआधी एका भांड्यावर स्वतःच्या हातानं आपलं माहेरचं नाव लिहिते, आणि ते भांडं माहेरीच राहतं. बाकी सगळी भांडी तिच्याबरोबर जातात, हे एक जात नाही. सुनंदाचा पितळी गुंड, म्हणजे पाणी भरायची मोठी घागर, अजून अकोल्याला तिच्या भावाकडं आहे. त्यावर ‘कु. सुनंदा’ असं मोठ्या, उताराला लागलेल्या अक्षरात. ते टाचलं माझ्याच मामानं. मी तेव्हा होणारा नवरा, हातात छिन्नी घ्यायला उतावळा. मामानं मला पायरीवरून उठवलं. “नवऱ्यानं नाही टाकाचं. तू तिचं अक्षर सुधरवशीन.” मला तेव्हा तो अपमान वाटला होता. सुनंदाची आई रोज त्या गुंडातलं पाणी प्यायची आणि पिता पिता त्या अक्षरांवरून अंगठा फिरवायची, हे मी स्वतः पाहिलं आहे.

लग्न ठरलं तसं सुनंदानं स्टीलचा गुंड आणून ठेवला आणि पोरीला फोन लावला.

“आई, मी टाइप करून पाठवतो ना. बाबा मस्त टाकतीन.”

“टाइप नाही. हातानं लिवाचं.”

“माझं अक्षर पाह्यलं काय तू? दोन वर्षांत सहीशिवाय काई लिवलं नाही मी.”

“मले अक्षर नाही पाह्यजे, मले तू पाह्यजे,” सुनंदा म्हणाली. “तू जाशीन सासरी, हैदराबादले. घरात काय राहीन मंग? तुया चार्जर?”

पोरगी लग्नाआधी घरी आली. आज पार्लर, उद्या ब्लाउज, परवा मैत्रिणी. गुंड ओट्यावर कोरा. सुनंदा रोज तो घासायची आणि परत ठेवायची. मला वाटलं पोरगी आळस करून राहिली. मी म्हटलंही, “नाव टाकणाऱ्याची पोरगी अन् नाव लिहायला एवढे नखरे?”

मग एका दुपारी दुकान रिकामं असताना ती स्कूटीवर आली. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, पायांच्या मध्ये गुंड. माझ्या टोपलीतली पेन्सिल तिनंच उचलली.

“बाबा, तुमी चा पिऊन या.”

“काहून? लिव ना इथंच. मी काय परका हाओ?”

ती भांड्याकडं पाहत म्हणाली, “तुमच्यासमोर लिवाले मले भेव वाटते.”

ती लहान असताना गृहपाठाच्या वहीत ओळी वाकड्या आल्या की मी खोडरबर घेऊन बसायचो. प्रेमानंच बसायचो, पण बसायचो. मी चहाला गेलो. चहावाल्यानं विचारलं, आज एवढा वेळ काय? मी म्हटलं, पोरीची परीक्षा आहे.

परत आलो तर गुंडावर तिनं ओढणी झाकली होती. “मी गेल्यावर टाका. अन् हसू नका.” स्कूटी सुरू करून ती गेली.

मी ओढणी काढली. ‘कु. प्रणाली, अमरावती’. अक्षरं सुटी होती. ‘प्र’ मोठा, ‘णा’ त्याला घाबरून बाजूला सरकलेला, ‘ली’ची वेलांटी अर्ध्यावर थांबलेली. रेघ आधी वर चढली होती आणि ‘अमरावती’पर्यंत येता येता भांड्याच्या पोटावरून घसरली होती. एका ठिकाणी पुसून पुन्हा लिहिलं होतं, तिथं तिच्या बोटाचा ठसा पडला होता.

मी हसलो नाही. देवाशपथ, नाही. मांडीवर गुंड घेतला, मशीन सुरू केलं आणि रेघेवर सुई ठेवली. ‘कु’ बरोबर तिच्याच रेघेवरून गेला. ‘प्र’ही गेला. मग ‘णा’शी आलो तेव्हा पेन्सिलीची रेघ सुटली होती, मधे जागा होती. सुई उचलायची वेळ आली. माझ्या हातानं ती उचलली नाही, वळवली. एकदा वळवल्यावर पुढचं सोपं होतं. वेलांटी जिथं थांबली होती तिथून मी ती पूर्ण खाली आणली. वरची रेघ सरळ झाली. ‘अमरावती’ तर मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा कोरलंय की ते हातानं परस्परच टाकलं.

सवय, असं म्हणून सुटता आलं असतं. पण ते तेवढंच नव्हतं. ‘णा’पाशी सुई असताना माझ्या डोक्यात स्पष्ट आलं होतं: मांडवात पाहुणे हा गुंड पाहतील. नाव टाकणाऱ्याच्या पोरीचं अक्षर असं? आयुष्यभर ज्या पोरांना मी टोमणे मारले, त्यांच्यातलंच एक माझ्या घरी निघालं, हे मला भांड्यावर नको होतं.

मग रॉकेलचा बोळा फिरवला. पेन्सिल गेली, बोटाचा ठसा गेला. गुंड काय सुंदर दिसत होता म्हणून सांगू! शेठसुद्धा म्हणाला, “क्या बात है.” मी तो सायकलच्या हँडलला बांधून मिरवत घरी नेला.

प्रणालीच्या हाताला मेंदी लावणं चाललं होतं. मी गुंड तिच्यासमोर धरला. तिनं मान वाकडी करून पाहिलं, मेंदीच्या हातानं स्पर्श करता येईना म्हणून मनगटानं फिरवला.

“मी असं लिवलं होतं काय, बाबा?”

“हव तं. तूच लिवलं.”

तिनं गुंड मनगटानं अजून एकदा फिरवला. मग हसली. “नाही बाबा. पण बरं झालं. पाहुणे येतीन.”

‘बरं झालं’ हे शब्द तिनं मला वाईट वाटू नये म्हणून म्हटले, हे मला त्या गडबडीत कळलं नाही. रात्रीच्या स्वयंपाकाला तेल किती लागेल याचा विचार करत मी बाहेर गेलो.

पाहुण्यांनी गुंडाचं कौतुक केलं. “पोरीनं बापाचं अक्षर उचललं,” असं एक जण म्हणाला. प्रणाली शेजारीच उभी होती, नवरीच्या साडीत. तिनं मान डोलावली.

ती गेल्यावर घर जसं व्हायचं तसं झालं. दुसऱ्या दिवशी सुनंदानं गुंड भरायला घेतला. नळाखाली धरण्याआधी तिनं तो उजेडाकडं केला, अक्षरांवर अंगठा ठेवला आणि तिथंच थांबली. मला विचारलं, “पुसाच्या आधी फोटो गिटो काढला होता काय?” मी नाही म्हटलं. बाकी नको त्या गोष्टींचे फोटो मी दिवसभर काढत असतो.

प्रणाली पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा मी नवा गुंड आणून ठेवला होता. तिच्यासमोर पेन्सिल ठेवली. म्हटलं, “वाकडं लिव, तिरपं लिव, पुसून लिव. मी केसभर इकडे तिकडे जाणार नाही. तू म्हणशीन तं डोळे मिटून बसतो.”

ती हसली, माझ्या गुडघ्यावर थाप मारली. “आता ‘कुमारी’ कसं लिवू बाबा? खोटं होईन ते.”

खरंच होतं. रीत जाण्याआधीची आहे, नंतरची नाही. शिवाय तिला पार्सलचा फोन आला आणि ती दोन अंगठ्यांनी उत्तर लिहीत आत गेली. ते मात्र किती भरभर लिहीत होती! कुठे थांबणं नाही, आठवणं नाही. त्या अंगठ्यांना कोणी कधी हसलं नव्हतं.

आता दुकानात कोणी म्हटलं, “काका, माझं अक्षर घाण आहे,” तर मी पेन्सिल देतो आणि भिंतीकडे तोंड करून बसतो. लिहिलेलं जसंच्या तसं कोरतो, काटे राहिले तर कानशीनं घासतो. पण आता असं म्हणायलाही फार कोणी येत नाही. पलीकडच्या दुकानात पडद्यासमोर रांग असते. परवा एक पोरगा आला, लिहायला बसला, दोन अक्षरांवर अडला. मी तोंडून शब्द काढला नाही. तरी तो म्हणाला, “राहू द्या काका,” आणि उठला. कोणी तरी आधीच काही बोलून ठेवलं असणार. मीच असेन, किंवा माझ्यासारखा दुसरा.

गुंड आमच्या ओट्यावर आहे. सुनंदा त्यातलं पाणी पिते, मीही पितो. काल ती पेला भरून तशीच उभी राहिली, म्हणून मी सहज विचारलं की आज पोरीचा फोन आला नाही वाटते. तिनं पेला खाली ठेवला आणि गुंड फिरवून नाव माझ्याकडे केलं.

“नाही आला,” म्हणाली. “अन् मले तिची याद आली, तं आता मी तुमचंच अक्षर पाहू काय?”